चहाची सवय आणि कॉफीचा चोथा: सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका घराचं प्रकरण

आमच्या घरात कॉफी आली ती लग्नातून. धाकट्या दिराचं लग्न झालं, जाऊबाई धारवाडच्या, आणि त्यांच्या रुखवतात इतर भांड्यांबरोबर एक दोन मजली पितळी फिल्टर होता. तोवर आमचं घर चहाचं. सकाळी सहाला आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, पहिला चहा आणि दुपारी चारला सगळ्यांचा. दोन महिन्यांत घरातली पाचही मोठी माणसं फिल्टर कॉफीवर आली. आईंनी सकाळचा चहा तेवढा सोडला नाही.

कॉफी कशी झाली, हा या लेखाचा विषय नाही. ती झाल्यावर फिल्टरच्या वरच्या डब्यात जो काळा चोथा उरतो त्याचं काय झालं, तेवढंच इथं लिहितेय. तुंबलेला सिंक, चार आजारी कुंड्या आणि मेथीचा एक फसलेला वाफा एवढं त्यातून निघालं. यात कुणी आळस केला नव्हता, उलट प्रत्येकानं भलं करायला जाऊनच घोळ घातला. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि सगळ्यात मोठी चूक माझी आहे. ती पुढे येईलच.

आधी माप सांगते, कारण मापाशिवाय यातलं काहीच कळत नाही. आमच्याकडे सकाळी आणि दुपारी मिळून साठ ग्रॅमच्या आसपास पूड लागते. पूड सत्तर-तीसची, म्हणजे सत्तर टक्के कॉफी आणि तीस टक्के चिकोरी. चिकोरी हे भाजून दळलेलं मूळ. त्याचा बराचसा भाग पाण्यात विरघळून डिकॉक्शनमध्ये, म्हणजे फिल्टरच्या खालच्या डब्यात उतरणाऱ्या काढ्यात, जातो. कॉफीचा मात्र पाव हिस्साही जेमतेम उतरतो, बाकीचं सगळं फिल्टरमध्ये राहतं आणि भरपूर पाणी धरून बसतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी आठवडाभर तोलून बघितलं तेव्हा दिवसाला शंभर ग्रॅमच्या जवळपास ओला चोथा निघाला. महिन्याचे तीन किलो. वाळवला तर एक किलोच्या आसपास.

पहिले तीन महिने हे तीन किलो सिंकमधून जात होते.

फिल्टर धुण्याची पद्धतच तशी पडली होती. वरचा डबा नळाखाली उपडा धरायचा, पाण्याच्या धारेनं चोथा सुटायचा, सिंकच्या जाळीतून आरामात खाली जायचा. दळण इतकं बारीक की जाळीला ते दिसतही नाही. चहाची पत्ती जाळीत अडकते, फुगते, डोळ्यांना दिसते, म्हणून आपण ती उचलून टाकतो. कॉफी दिसत नाही, म्हणून ती गेली असं वाटतं. ती विरघळत नाही, फक्त वाहते, आणि जिथं पाण्याचा वेग कमी होतो तिथं बसते. सिंकखालच्या वळणात आधीच तेला-तुपाचा आणि साबणाचा चिकट थर असतो. त्यावर ही पूड बसत गेली.

मार्चमध्ये एका रविवारी, पुरणपोळीची भांडी पडलेली असताना, पाणी उतरेना. आम्ही आधी सोडा आणि व्हिनेगर ओतून बघितलं. फेस भरपूर आला, पाणी तसंच. (सोडा-व्हिनेगर एकमेकांना संपवतात आणि मागे जवळजवळ नुसतं क्षाराचं पाणी उरतं. कॉफीच्या कणांना ते काही करत नाही. हे मला माहीत असायला हवं होतं.) शेवटी प्लंबर आला. त्यानं खालचं वळण खोलून बादलीत झटकलं तर तपकिरी-काळा लगदा पडला, बोटानं दाबला तर ठसा उमटेल असा.

"काकू, ह्यो गाळ न्हवं, सिमेट हाय. काय घालताय काय ह्यात?"

जाऊबाईंनी फिल्टर दाखवला. त्यानं तो उलटसुलट करून बघितला, छोटी छत्रीसारखी दाबणी हातात घेतली आणि म्हणाला, "चाळणीचा चहा आपला बरा." तीनशे रुपये घेतले, आणि पूड पुन्हा सिंकमध्ये घालायची नाही असं आईंकडून कबूल करून घेतलं.

इथून गोष्ट दुसरीकडे वळली. सिंक बंद झाल्यावर महिन्याचे तीन किलो जाणार कुठं? अंगणातल्या कुंड्यांत.

आपल्याकडे चहाचा चोथा झाडाला घालायची रीत जुनी आहे. आई गाळणीतली पत्ती दोन पाण्यांनी धुतात आणि गुलाबाच्या मुळाशी टाकतात. धुतात ते दूध-साखरेसाठी, नाहीतर मुंग्या लागतात. कॉफीचा चोथा हातात घेऊन त्या म्हणाल्या, "ह्यात तर दूधही नाही अन् साखरही नाही. धुवायची कटकटच नको." एका बाजूनं हे अगदी खरं होतं. फिल्टरमधला चोथा निव्वळ असतो, दूध नंतर पेल्यात पडतं. पण धुण्यात आणखी एक गोष्ट व्हायची ती आमच्या लक्षात आली नव्हती. धुतलेली पत्ती मूठभरच उरते, मोकळी असते, पानाचे तुकडे असल्यामुळे मातीवर विरळ पसरते. कॉफीचा चोथा चकतीसारखा अख्खा निघायचा आणि तसाच बुंध्याशी बसायचा. रोज एक चकती.

त्यात माझी भर पडली. आमच्या दोन जास्वंदींची नवी पानं आधीपासूनच पिवळी पडत होती. पान पिवळं, शिरा मात्र हिरव्या, जाळी विणल्यासारख्या. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण, हे मी ओळखलं. कुंड्यांत डिग्रजच्या शेतातली काळी माती आहे, पाणी बोअरचं जड, कुंडीच्या काठावर पांढरा थर साचलेला. अशा मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते झाडाला घेता येत नाही. इथपर्यंत बरोबर होतं. मग मी म्हटलं, कॉफी आम्लधर्मी असते, तिच्या चोथ्यानं मातीचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, सातच्या खाली आम्ल, वर अल्कली) खाली येईल आणि लोह मोकळं होईल. आईंना शास्त्राचा शिक्का मिळाला. मग जास्वंदींना दुप्पट चोथा जाऊ लागला.

मे संपता संपता दोन्ही जास्वंदींच्या कळ्या उमलायच्या आधी गळायला लागल्या. मोगऱ्याची पानं दुपारी मलूल व्हायची आणि संध्याकाळीही सावरायची नाहीत. आई रोज पाणी घालत होत्या आणि माती कायम ओली दिसत होती. आम्ही फसलो ते याच दिसण्याला. कॉफीचा चोथा वाळला तरी काळाच असतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी एका जास्वंदीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि तिथंच उकिडवी बसून बघत राहिले. पाणी मातीत शिरलं नाही. थेंब थेंब होऊन वर तरंगलं, काठाकडे पळालं, कुंडी आणि मातीच्या मधल्या फटीतून खाली गेलं आणि दहा-पंधरा सेकंदांत तळाच्या भोकातून बाहेर आलं. स्क्रूड्रायव्हर खुपसला तर वरचा थर कडक लागला. कडेनं उचकटल्यावर तो जाड धिरड्यासारखा अख्खा निघाला, दोन बोटं जाडीचा, खालच्या बाजूला पांढरी बुरशी जाळीसारखी पसरलेली. त्याखालची माती भुरकट, हातात घेतली तर गळून पडणारी. तीन महिने रोज पाणी मिळालेलं झाड तहानेनं मरत होतं.

बारीक दळलेला चोथा एकावर एक दाबून बसला आणि वाळला की त्याची खपली होते. त्यातले तेलकट अंश पाण्याला दूर ठेवतात. एकदा वाळली की ती सहजी भिजत नाही. हे चहाच्या पत्तीनं कधी केलं नव्हतं, म्हणून कुणाच्या ध्यानीमनी आलं नाही.

पाऊस सुरू झाल्यावर उरलेल्या दोन कुंड्यांनी दुसरं टोक गाठलं. खपली भिजली ती भिजलीच. त्यावर हिरवट-राखाडी बुरशी धरली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत बारीक काळी चिलटं नाचू लागली.

आता माझ्या पीएचचं सांगते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी चोथा ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून मीटर बुडवला. ६.२ आला. कुंडीतल्या मातीचा ८.१. कॉफीतली आम्लं पाण्यात विरघळणारी असतात, ती डिकॉक्शनबरोबर पेल्यात जातात. मागे उरतो तो जवळजवळ उदासीन भुसा. आम्ल आम्ही प्यायलो होतो, जास्वंदीला चोथाच दिला होता. आणि थोडं आम्ल गेलं असतं तरी काय झालं असतं ते बघायला मातीवर चमचाभर व्हिनेगर टाकलं. बुडबुडे फुटून फसफसलं. चुनखडी इतकी असेल तर ती असली आम्लं येता येताच गिळून टाकते.

म्हणजे जास्वंदीला दोन वेगळे आजार होते आणि मी त्यांना एकच समजत होते. पानांचा पिवळेपणा कॉफीच्या आधीचा, चुन्याचा. कळ्या गळणं आणि मलूल होणं कॉफीच्या खपलीचं. पहिल्यावर मी जे औषध म्हणून दिलं, त्यातून दुसरा आजार झाला.

पिवळेपणावर उपाय जुनाच निघाला, हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट. कृषी सेवा केंद्रातून आणलं, लिटरभर पावसाच्या पाण्यात पाच ग्रॅम घालून चार थेंब लिंबू पिळलं, आणि उघडीप बघून संध्याकाळी पानांवर फवारलं. दहा दिवसांनी पुन्हा. मुळाशी घातलं असतं तर चुन्यानं तेही अडवून ठेवलं असतं, म्हणून पानांवर. नंतर आलेली पानं हिरवी आली. जुनी पिवळी तशीच राहिली आणि यथावकाश गळली. फरशीवर पडलेले थेंब गंजाचे डाग सोडून गेले, ते अजून आहेत.

जाऊबाईंना हे सगळं मनाला लागलं होतं. "अक्का, आमच्याकडं तर आई वर्षानुवर्षं पेरूखाली टाकते. पेरू केवढा लागतो!" त्यांचंही खोटं नव्हतं. फोनवर विचारल्यावर कळलं की परसात मोकळी जमीन आहे, घरात दोघंच पिणारी, चोथा दर खेपेला वेगळ्या ठिकाणी भिरकावला जातो, वर पेरूची पानं पडतात आणि खाली गांडुळं आहेत. बारा इंची कुंडीत यातलं काहीच नव्हतं.

मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१६ मधला एक अभ्यास माझ्या वाचनात आला. त्यांनी कॉफीचा कच्चा चोथा थेट मातीत मिसळून ब्रोकोली, लीक, मुळा, व्हायोला आणि सूर्यफूल लावून बघितलं. मातीची पाणी धरण्याची ताकद वाढली, तण कमी झालं, पण पाचही पिकांची वाढ खुंटली, सोबत खत दिलं तरी. मी घरी मेथीवर बघितलं. एका ट्रेत नुसती माती, दुसऱ्यात पाचवा हिस्सा ताजा चोथा, दोन्हींत पंचवीस-पंचवीस दाणे. मातीत बावीस उगवले, चोथ्यात नऊ, आणि ते नऊही काटकुळे. एका ट्रेवरून शास्त्र सिद्ध होत नाही, पण आईंना पटायला तेवढं पुरलं. चोथ्यात उरलेलं कॅफिन आणि इतर द्रव्यं कोवळ्या रोपांना बाधतात. शिवाय कच्चा पदार्थ कुजायला लागला की जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतःसाठी उचलतात आणि झाडाला तेवढे दिवस उपास घडतो.

मग यात खत किती असतं? वाळक्या चोथ्यात दोन टक्क्यांच्या आसपास नत्र, स्फुरद आणि पालाश त्याहून बरंच कमी. आमच्या महिन्याच्या एक किलोत वीस ग्रॅम नत्र झालं. युरियाच्या भाषेत चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम, म्हणजे एक मूठ, आणि तीही महिनोन् महिने सावकाश सुटणारी. महिन्याच्या एवढ्या खटाटोपातून हाती लागतं ते एवढं. मला हा आकडा काढल्यावर हायसं वाटलं. चोथा फुकट गेला तर फार मोठं काही बुडत नाही.

तरी आम्ही तो वाया घालवत नाही, कारण कंपोस्टमध्ये तो खरोखर गुणाचा आहे. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली, बाजूंना आणि तळाला सळईनं पाडलेली भोकं, वर झाकण. झाकण शेजारच्या कुत्र्यासाठी. कॅफिन कुत्र्यांना विषासारखं असतं आणि त्या महाशयांना आमच्या अंगणातलं सगळं आपलंच वाटतं. बादलीत चोथ्याचा रंग बघून गफलत होते. तो वाळक्या पाल्यासारखा तपकिरी असला तरी कुजायच्या हिशेबात तो भाजीच्या सालींच्या बाजूचा, नत्राचा. एक भाग नत्राला कर्ब, म्हणजे कार्बन, वीस भागांच्या आसपास. म्हणजे त्याच्या जोडीला कर्बाचा वाळका माल लागतोच. सांगलीत तो शोधायला लागत नाही. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्यानं चिपाडं पोतंभर दिली, "न्या की, मलाच टाकायला लांब जावं लागतं" म्हणत. ती बोटभर लांबीची तोडून घातली. पावसाळ्यात रसवंती बंद, तेव्हा बदामाची साठवलेली पानं आणि फाडलेले खोक्याचे पुठ्ठे.

चोथा एकूण मालाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त होऊ द्यायचा नाही, एवढं एकच बंधन आम्ही घालून घेतलं. एका वाटीला चार वाट्या बाकीचं, त्यात साली आणि चिपाडं मिळून. सुरुवातीला मूठभर शेण आणि जुन्या खताची मूठ. आठवड्यातून दोनदा सळईनं खालवर. एकदा चोथा जास्त झाला तेव्हा आंबूस वास आला आणि माल गोळा झाला. चिपाडं वाढवल्यावर चार दिवसांत वास गेला. पहिली बादली अडीच महिन्यांनी तयार झाली. काळी, भुसभुशीत, पहिल्या पावसातल्या मातीच्या वासाची, आणि त्यात कॉफी कुठं ते ओळखू येत नव्हतं. तेच खत घालून मेथीचा तिसरा ट्रे केला, तो नुसत्या मातीच्या ट्रेइतकाच उगवला.

फिल्टर रिकामा करायची पद्धत बदलली, आणि मला वाटतं घरातल्या बायकांना याचाच सगळ्यात जास्त उपयोग होईल. गरम असताना चोथा उकरायचा नाही. तासाभरानं तो आकसून कडा सोडतो. मग वरचा डबा जुन्या वर्तमानपत्रावर उपडा करून तळव्यानं दोन थापा मारल्या की चकती सुटते. डब्यात जे चिकटून राहतं ते कागदाच्या बोळ्यानं पुसायचं, मगच नळाखाली. सिंकमध्ये जातं ते चिमूटभर. चकती बादलीत हातानं कुस्करूनच टाकायची.

चोथ्याचे दुसरे उपयोग सांगणारे पुष्कळ भेटले. लोखंडी तव्याला आणि करपलेल्या दुधाच्या पातेल्याला ओला चोथा घासला तर छान निघतं, ते आम्ही अजून करतो, फक्त घासून झाल्यावर तो कागदानं पुसून घेतो. ओट्याच्या पांढऱ्या टाइल्सच्या सांध्यांवर मात्र तपकिरी डाग राहिला. लसूण सोलल्यावर हाताला चोळला तर वास जातो. फ्रिजमध्ये वाटीभर ठेवला तेव्हा नीट वाळलेला नव्हता, आठवड्यात त्यावरच बुरशी आली. मे महिन्यात गच्चीवर कागदावर पातळ पसरून कडकडीत वाळवलेला ठेवला तेव्हा थोडा फरक वाटला. मुलीनं दहावीच्या सुट्टीत मैत्रिणीच्या सांगण्यावरून चेहऱ्याला चोळून बघितला आणि दोन दिवस गाल लाल घेऊन हिंडली. पावसाळ्यात गोगलगायी आल्या तेव्हा कुंडीभोवती चोथ्याचं कडं करून बघितलं, त्या त्यावरून निवांत चालत गेल्या. २००२ साली हवाईतल्या संशोधकांनी कॅफिननं गोगलगायी मरतात असं दाखवलं होतं खरं, पण ते एक-दोन टक्के कॅफिनचं द्रावण होतं. आमच्या चोथ्यातलं बहुतेक कॅफिन सकाळीच आमच्या पोटात गेलेलं असतं.

चारपैकी तीन कुंड्या सावरल्या. खपली काढली, वरची तीन बोटं माती बदलली, आणि कोरडी ठणठणीत झालेली माती भिजावी म्हणून कुंडी तासभर पाण्याच्या टबात बसवली. वरून ओतून ती भिजत नव्हती. मोगरा मात्र गेला. मुळं उपटून बघितली तेव्हा बारीक तंतुमुळं सगळी वाळून गेली होती. आईंनी तो माहेराहून आणला होता, म्हणून त्याबद्दल घरात कुणी फार बोलत नाही.

पाहुणे असले, दिवाळीत दिवसाला तीन-तीन फिल्टर लागले, की बादलीचं प्रमाण बिघडतं. त्या दिवसांत जास्तीचा चोथा कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकतो आणि तो सकाळी घंटागाडीत जातो. सुरुवातीला जाऊबाईंना ते जड जायचं, आता त्याही टाकतात. आईंचा सकाळचा चहा चालूच आहे. पत्ती दोन पाण्यांनी धुतली जाते आणि गुलाबाच्या मुळाशी पडते, आधीसारखीच. गुलाब ठीक आहे. मी त्यात लक्ष घालत नाही.